आडोसा आणि हातघाई : नेमबाजीच्या व्हिडिओ खेळांतील औचित्याचा प्रश्न

व्हिडिओ खेळाकडे एक संहिता म्हणून पाहण्याची सवय मराठी समीक्षेला अद्याप लागलेली नाही. चित्रपटाला ही मान्यता मिळण्यास अर्धे शतक जावे लागले, हे लक्षात घेता त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. परंतु ज्या कलाप्रकारात युद्धकथन हा आशयाचा सर्वांत मोठा भाग आहे आणि ज्याचा आस्वाद मराठी भाषक तरुणांच्या दोन पिढ्यांनी पोवाडा व बखर यांच्यापेक्षा कितीतरी अधिक तास घेतला आहे, त्या प्रकाराच्या रचनातत्त्वांचा विचार युद्धकथनाच्या अभ्यासकाला फार काळ टाळता येणार नाही. या रचनातत्त्वांपैकी एक प्रश्न वरकरणी अगदी तांत्रिक वाटतो. आडोशाआड राहून गोळीबार करण्याच्या खेळात हातघाईच्या लढाईला स्थान असावे काय? खेळणाऱ्यांत या प्रश्नावरून दोन तट आहेत. अंगावर आलेल्या शत्रूला हाताने लोळवण्याची सोय नसेल तर खेळ अपुरा वाटतो, असे एक तट म्हणतो. ही सोय दिली की आडोशाचे सगळे गणितच कोसळते, असे दुसऱ्याचे म्हणणे आहे. क्षेमेंद्राच्या परिभाषेत मांडायचे तर हा औचित्याचा वाद आहे. एखादे अंग स्वतःपुरते सुंदर असले तरी ते या देहाला शोभते की नाही, एवढाच त्यातील मुद्दा.

प्रथम देहाची ओळख करून घेणे आवश्यक आहे, कारण हा लेख वाचणाऱ्या अनेकांनी असा खेळ खेळलेला नसेल. १९९५ साली नाम्को या जपानी कंपनीचा 'टाइम क्रायसिस' हा खेळ आला, तेव्हा त्याच्या यंत्राला पायाशी एक पायटा होता. पायटा दाबला की पडद्यावरील पात्र आडोशातून बाहेर येई, सोडला की पुन्हा आड होई. आड असताना गोळी लागत नसे, पण घड्याळ चालूच राही. या साध्या योजनेत पुढील सगळ्या प्रकाराचे बीज आहे. १९९९ च्या 'विनबॅक'मध्ये पात्र भिंतीला पाठ लावून चालू लागले, २००३ च्या 'किल स्विच'ने आडोसा हाच खेळाचा कणा मानला आणि २००६ मध्ये एपिक गेम्सच्या 'गिअर्स ऑफ वॉर'ने या रचनेला असे रूप दिले की पुढील दशकभर तिचे अनुकरण होत राहिले. कमरेएवढ्या भिंती, उलटलेली वाहने, पडके खांब यांनी भरलेली रणभूमी. भिंतीला चिकटणे, डोकावणे, नेम धरणे, पुन्हा दडणे. आणि दडून राहिल्यास काही क्षणांत आपोआप भरून येणारी जखम. येथे आडोसा ही केवळ जागा नाही. तो काळ आहे. नाटकातील दोन प्रवेशांमधल्या अवकाशासारखा तो खेळणाऱ्याला श्वास घेऊ देतो, परिस्थितीचा अंदाज घेऊ देतो आणि पुढील धाडसाची तयारी करू देतो. या प्रकारातील रस बाहेर पडण्याच्या त्या अर्ध्या क्षणात आहे, आणि आड राहण्याचा दीर्घ काळ त्या अर्ध्या क्षणाची किंमत वाढवतो.

अशा देहात हातघाई आणली म्हणजे काय बिघडते, हे विरोधकांनी नेमके हेरले आहे. बंदुकीच्या खेळात अंतर हीच मुख्य राशी असते. नेमाची कठीणता, गोळ्यांचा हिशेब, शत्रूंची संख्या हे सगळे अंतरावर बेतलेले असते. जवळ जाऊन एक बटण दाबले की शत्रू नक्की मरतो, असा नियम ठेवला तर अंतर कापणे हाच सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो, आणि काळजीपूर्वक रचलेल्या भिंती निव्वळ अडथळ्यांची शर्यत होऊन बसतात. उलट जवळचा घाव दुबळा ठेवला तर तो कोणी वापरत नाही. तो नाटकातल्या न उघडणाऱ्या दारासारखा रंगवलेला राहतो. त्यातच दृष्टिकोनाची अडचण आहे. पात्राच्या खांद्यामागून पाहणारा कॅमेरा दूरच्या लक्ष्यासाठी योग्य असतो. दोन देह एकमेकांना भिडले की त्याला काहीच नीट दिसत नाही, म्हणून तो ठरावीक चित्रफीत दाखवून मोकळा होतो. ज्या क्षणी खेळणाऱ्याने सर्वाधिक गुंतायचे त्याच क्षणी त्याच्या हातातून खेळ काढून घेतला जातो, हा आक्षेप सहज झटकून टाकण्यासारखा नाही.

येथे मराठीतील एका शब्दाकडे वळणे उपयोगाचे ठरेल. दोन सैन्ये अंगाला अंग लावून लढू लागली की मराठी त्याला 'हातघाई' म्हणते. या शब्दात हात आहे, घाव ऐकू येतो आणि त्वराही ऐकू येते. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे या शब्दाचे क्रियापद. हातघाई कोणी 'वापरत' नाही, हातघाईवर 'येतात'. भांडण असो वा लढाई, ते आधी दुसऱ्या कोणत्या तरी अवस्थेत असते आणि मग हातघाईवर येते. म्हणजे भाषेच्या दृष्टीने हातघाई हा शस्त्रांच्या यादीतील एक पर्याय नसून एका अवस्थेचा शेवट आहे. आडोशासाठीही मराठीजवळ 'मोर्चा' हा जुना शब्द होता. मुळात तो तोफा-बंदुकांसाठी बांधलेल्या आडोशाच्या ठाण्याचा वाचक. आज त्याच शब्दाने आडोसा सोडून रस्त्यावर उतरलेला जमाव ओळखला जातो. अर्थांतराच्या अभ्यासकाला या प्रवासात बराच रस वाटावा, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. येथे एवढेच पुरे की मोर्चा मोडल्याशिवाय हातघाई नाही, हा क्रम भाषेने जपलेला आहे.

या क्रमाची कसोटी लावली की प्रकारातील यशस्वी आणि अयशस्वी उदाहरणे आपोआप वेगळी होऊ लागतात. 'गिअर्स ऑफ वॉर'मधील बंदुकीला संगिनीच्या जागी यांत्रिक करवत लावलेली आहे. ही कल्पना भडक आहे आणि तिच्यावर रक्तपिपासूपणाचा आरोप झाला तर तो खोडून काढण्याची गरज नाही. परंतु रचनेच्या बाजूने पाहता तिच्यात एक शिस्त दिसते. करवत सुरू होण्यास वेळ लागतो, तिचा आवाज शत्रूला सावध करतो आणि ती उगारलेली असताना गोळी लागली तर ती खाली जाते. म्हणजे आडोसा सोडण्याचा संपूर्ण धोका पत्करल्याखेरीज तिचा लाभ मिळत नाही. २००८ च्या दुसऱ्या भागात दोन करवती एकमेकींना भिडल्या की बटण दाबण्याची झटापट सुरू होते, आणि येथे खेळणाऱ्याच्या स्वतःच्या हाताची घाई पडद्यावरील हातघाईशी एकरूप होते. कॅमेऱ्याच्या अडचणीवर शोधलेले हे एक प्रामाणिक उत्तर आहे. गंमत अशी की माणसामाणसांतील सामन्यांत याच खेळाच्या निष्णात खेळाडूंनी आडोसा दडण्यासाठी वापरणे जवळजवळ सोडून दिले. एका भिंतीला चिकटून दुसरीकडे झेपावत, बंदूक हाती ठेवून पण दोन हातांच्या अंतरावर जाऊन लढण्याची त्यांची पद्धत रूढ झाली. निर्मात्याने दडण्यासाठी दिलेली व्यवस्था वाचकाने भिडण्यासाठी वाचली. वाचक-प्रतिसादाच्या सिद्धान्ताला याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

प्लॅटिनम गेम्सच्या 'व्हॅन्क्विश'ने (२०१०) किंमत आणखी उघड केली. त्यातील नायकाच्या चिलखतात साठलेली ऊर्जा त्याला वेगाने सरकू देते आणि काळ मंद करू देते. हाताचा एक प्रहार ही सगळी ऊर्जा एका दमात संपवतो आणि मग काही काळ तो उघड्यावर सामान्य माणसासारखा उभा राहतो. २०१३ च्या 'द लास्ट ऑफ अस'मध्ये गोळ्याच इतक्या थोड्या असतात की हातघाई ही दारिद्र्याची खूण होते. सापडलेला लोखंडी नळ वा लाकडी दांडा काही घावांतच मोडतो आणि मोडतो तेव्हा समोर कोणी तरी उभेच असते. याउलट 'स्पेक ऑप्स : द लाइन' (२०१२) हा खेळ स्वस्त हातघाईचे प्रलोभन मुद्दाम ठेवतो. जखमी होऊन पडलेल्या शत्रूला जवळ जाऊन ठार केले तर अधिक गोळ्या मिळतात, आणि कथानक पुढे सरकते तसे नायकाचे हे कृत्य अधिकाधिक क्रूर होत जाते. जोसेफ कॉनरॅडच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस'चा आधार घेणाऱ्या या संहितेत गोळ्यांचा लाभ हाच नैतिक सापळा आहे. खेळणारा हिशेबाने वागतो आणि हिशेबाने वागण्याची लाज त्याला हळूहळू वाटू लागते. जो दोष इतर खेळांत रचनेतील कमतरता ठरतो तोच येथे आशय झाला आहे. औचित्य हे नियमांचे कोष्टक नाही, हे यावरून ध्यानात यावे.

मराठी वाचकाला हा पेच अपरिचित नसावा. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतात इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि कवायती पलटणी यांच्याभोवती गोलाची लढाई योजलेली होती. विठ्ठल शिवदेव विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांच्या घोडदळाने रोहिल्यांवर अकाली धाव घेतली आणि त्यामुळे गोलाची शिस्त मोडली, हे पानिपतच्या मराठी इतिहासलेखनात वारंवार मांडले गेले आहे. या आक्षेपाचे स्वरूप पाहावे. घोडदळ शूर नव्हते, असे कोणी म्हणत नाही. ते लढाईच्या या प्रकारात न शोभणाऱ्या वेळी हातघाईवर आले, असे म्हणणे आहे. तोफेच्या लढाईत भालाईताला जागाच नाही, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. प्रश्न तो केव्हा आणि कोणत्या किमतीला पुढे येतो, एवढाच आहे. याच्या शंभर वर्षे आधीचा प्रतापगडाचा प्रसंग (१६५९) तर आडोसा आणि हातघाई यांच्या संयोगाचा आदर्श म्हणावा लागेल. सबंध जावळीचे रान आडोसा झालेले, त्यात दबा धरून बसलेले लोक, आणि मध्यभागी शामियान्यात दोन माणसांची गळाभेट. सभासदाने आणि अज्ञानदासाने या भेटीचे वर्णन केले तेव्हा त्यांना रानातली माणसे विसरून चालले नाही, कारण बिचव्याचा तो एक घाव ज्या प्रतीक्षेतून येतो ती प्रतीक्षा रानात आहे.

बेंगळूरशी मराठ्यांचा संबंध शहाजीराजांच्या जहागिरीपासूनचा. पण या शहराचे नाव येथे घेण्याचे कारण अगदी अलीकडचे आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने 'पबजी मोबाइल'वर बंदी घातली. त्या खेळात पाठीला लटकवलेल्या तव्यावर गोळी अडत असे आणि तोच तवा हातात घेऊन शत्रूच्या डोक्यात घालता येई. आडोसा आणि हातघाई एकाच स्वयंपाकाच्या वस्तूत एकवटण्याचा हा प्रकार भारतीय मुलांना अतोनात आवडला होता. बंदीनंतर दोनच दिवसांनी बेंगळूरच्या एनकोअर गेम्सने 'फौ-जी' या खेळाची घोषणा केली आणि २६ जानेवारी २०२१ रोजी तो प्रसिद्ध झाला. बंदुकांच्या खेळाची जागा भरून काढणारा खेळ म्हणून ज्याची वाट पाहिली गेली, त्या खेळाच्या पहिल्या आवृत्तीत बंदूक नव्हतीच. तिचा विषय होता गलवान खोरे.

१५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये वीस भारतीय जवान मृत्युमुखी पडले. त्यांत १६ बिहार पलटणीचे कर्नल संतोष बाबू होते. दोन्ही बाजूंनी लढाई झाली ती दगड, लोखंडी कांबी आणि खिळे ठोकलेले सोटे यांनी. ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार न करण्याचे बंधन १९९६ च्या करारात आहे. जवान निःशस्त्र होते काय, असा प्रश्न देशात विचारला गेला तेव्हा परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी स्पष्ट केले, की सीमेवरील सैनिकांजवळ शस्त्रे नेहमीच असतात आणि त्या दिवशीही होती. १९९६ आणि २००५ च्या करारांनुसार अशा प्रसंगी बंदुका न वापरण्याची दीर्घकालीन प्रथा आहे. युद्धकथनाच्या दृष्टीने या घटनेचे सारे असामान्यत्व या एका तपशिलात सामावलेले आहे. खांद्यावर बंदूक आहे, समोर मृत्यू आहे, आणि बंदूक चालत नाही. ती संपली म्हणून नाही, बिघडली म्हणून नाही. शब्द दिला आहे म्हणून.

'फौ-जी'च्या रचनेने नेमका हाच तपशील गाळला. खेळणारा एका जवानाला घेऊन बर्फाळ खोऱ्यातून पुढे सरकतो. शत्रू समोर येतात. एक बटण घाव घालते, दुसरे घाव अडवते. शत्रूचा सोटा उचलून घेता येतो. शेकोटीजवळ उभे राहिले की प्रकृती सुधारते. त्या वेळी झालेली टीका बहुतांशी हालचालींचा जडपणा, एकसुरीपणा आणि बंदुकांचा अभाव यांच्यावर रोखलेली होती. त्यांपैकी शेवटचा आक्षेप बरोबर होता, पण चुकीच्या कारणासाठी. खेळणाऱ्यांना गोळ्या झाडायच्या होत्या म्हणून बंदूक हवी होती. संहितेला मात्र ती न झाडण्यासाठी हवी होती. जो नायक बंदूक बाळगतच नाही त्याचा संयम दाखवता येत नाही. येथे हातघाईवर येण्यासाठी आधीची अवस्थाच शिल्लक ठेवलेली नाही, आणि त्यामुळे एका अपूर्व घटनेचे रूपांतर कोणत्याही गल्लीत घडू शकणाऱ्या मारामारीत झाले. कल्पना करावी की खेळणाऱ्याच्या हातात बंदूक दिली आहे, नेम धरण्याचे बटण काम करते, खोऱ्यात दगडांचे आडोसे आहेत, प्रकाराची सारी चिन्हे त्याला गोळीबाराचे आमंत्रण देत आहेत, आणि खेळाचा एकच नियम आहे की गोळी झाडली तर सारे संपले. आडोशाच्या खेळाची पूर्ण यंत्रणा ज्या बोटाला वर्षानुवर्षे चाप ओढायला शिकवते त्याच बोटाला तेथे आवरावे लागले असते. हातघाई या प्रकारात शोभते काय, या प्रश्नाचे इतके समर्पक उत्तर देण्याची संधी जगातील फारच थोड्या निर्मात्यांना मिळाली असेल. ती बेंगळूरला मिळाली होती.

हे दडपण निर्मात्यांवर होते, याची जाणीव ठेवणे न्याय्य ठरेल. घोषणा आणि प्रकाशन यांत पाच महिनेही नव्हते, प्रजासत्ताक दिनाचा मुहूर्त गाठायचा होता, हुतात्मा सैनिकांच्या कुटुंबांसाठी निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा देण्याचे जाहीर झाले होते आणि विषय इतका ताजा होता की मतभेदाला जागा नव्हती. पण शोकात्म घटनेचे उत्सवात रूपांतर करण्याची ही घाई पोवाड्याच्या पडत्या काळातील शाहिरांनाही आवरली नव्हती. तिचे परिणाम दोन्हीकडे सारखेच दिसतात. जून २०२१ मध्ये 'फौ-जी'ला सांघिक सामन्याचा भाग जोडण्यात आला. बंदुका आल्या, आडोसे आले, आणि त्या भागाचा गलवानशी काही संबंध राहिला नाही. हातघाईचा विषय आणि नेमबाजीची रचना एकाच नावाखाली दोन वेगळ्या खोल्यांत राहू लागल्या.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये, त्याच शहराविषयीच्या एका किरकोळ संहितेने हा क्रम अचूक साधला. तिला संहिता म्हणावे की नाही याविषयी काही वाचक साशंक असतील, कारण ती एका मिनिटाची आर्थिक सेवेची जाहिरात आहे. वाहतुकीच्या कोंडीत अडकलेला राहुल द्रविड संतापतो, शेजारच्या मोटारीचा आरसा बॅटने फोडतो आणि आपल्या मोटारीच्या छतातून वर येऊन स्वतःला इंदिरानगरचा गुंड म्हणवून घेतो. इंदिरानगर ही वस्ती ज्यांना ठाऊक आहे त्यांना या वाक्यातील विनोद वेगळा समजावून सांगावा लागत नाही. डिफेन्स कॉलनीतील निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांचे बंगले, झाडांनी झाकलेले आडवे रस्ते, संगीत सभा, आणि शंभर फुटी रस्त्यावर संध्याकाळी एकमेकांना चिकटून उभ्या राहिलेल्या मोटारी. गुंडगिरीशी या नावाचा मेळ बसत नाही. पण विनोदाचे मूळ त्याहून खोल आहे. कोंडीतला प्रत्येक माणूस काचेच्या आडोशाला आहे. त्याचा राग आतल्या आत भरतो आणि हॉर्नच्या अंतरावरूनच व्यक्त होतो. शहरातील रागाची ही आडोशाची लढाई आहे. आणि बाहेर येणारा कोण, तर इंदूरच्या मराठी घरात जन्मलेला, सोळा वर्षे भारतीय संघासाठी चेंडू अडवून धरल्यामुळे ज्याचे टोपणनावच 'भिंत' पडले तो फलंदाज. खुद्द आडोसाच हातघाईवर येतो.

जाहिरातीने आपल्या नायकाच्या संयमाची वर्षे फुकट वापरली, असा आक्षेप घेता येईल; त्या वर्षांचे भांडवल तिने स्वतः कमावलेले नव्हते. तरीही रचनेची समज मान्य करावी लागते. त्याच बॅटने त्याने आयुष्यभर काय केले, हे प्रेक्षकाला ठाऊक आहे, आणि म्हणून आरशावर बसलेला तो एक फटका पुरतो. दुसरा फटका दाखवला असता तर तो कोणीही रागीट माणूस झाला असता. 'फौ-जी'तील जवान खोऱ्याच्या आरंभापासून शेवटापर्यंत शेकडो घाव घालतो, आणि त्यांपैकी पहिला कोणता होता हे खेळणाऱ्याला आठवत नाही.